सुती कापड आणि बुरशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापड बुरसलं की नजर आधी डागावर जाते. डाग निघाला तर सुटलो, नाही निघाला तर कापड वाया गेलं, असा सरसकट हिशेब होतो. कापडाची तपासणी करणारे मात्र डाग वेगळा मोजतात आणि ताकद वेगळी. या दोन्हींचं काय होणार हे बऱ्याच अंशी कापसावर नंतर काय चढवलं त्यावर ठरतं. खळ, सॉफ्टनर, मेण, रेझिन, रंग यांतलं काही बुरशीचं अन्न असतं, तर काही तिचा अडसर. खालची उत्तरं वाचताना हा फरक लक्षात ठेवा.

बुरशी खरंच कापूस खाते, की नुसती वर वाढते?

दोन्ही घडतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचे सगळे निर्णय चुकतात.

ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी सगळ्यांच्या ओळखीची. तिला हवी असते खळ, तेलाचा अंश, घाम, नीट न निघालेला साबण. शुद्ध कापसाच्या सेल्युलोजवर तिचं फारसं चालत नाही. ती कापड काळं करते, त्याला कुबट वास आणते, पण सुताची ताकद बऱ्याचदा शाबूत राहते. पेनिसिलियम आणि क्लॅडोस्पोरियमच्या अनेक जातींचंही साधारण असंच आहे.

कीटोमियम ग्लोबोसम, मायरोथेशियम व्हेरुकारिया आणि ट्रायकोडर्माच्या जाती या दुसऱ्या गटातल्या. तंतू हेच त्यांचं जेवण. त्यांची वाढ कधी कधी फिकट, करडी-हिरवट असते आणि वरवर पाहणाऱ्याला ती धूळच वाटते. कापड मात्र बोटाने दाबलं तरी फाटतं. म्हणून सर्वांत काळं दिसणारं कापड सर्वांत कुजलेलं असेलच असं नाही, आणि जवळजवळ स्वच्छ दिसणारं कापड ठणठणीत असेलच असंही नाही.

कापसाचा तंतू एवढा चिवट असतो, मग ती तो पचवते कशी?

कापसाचा तंतू म्हणजे एक लांबट, पोकळ पेशी. बोंड उमललं की ती वाळते, चपटी होते आणि पीळ घेते. तिच्या सर्वांत बाहेर मेण आणि पेक्टिन असलेली पातळ त्वचा, तिच्या आत जवळजवळ निव्वळ सेल्युलोजची जाड भिंत आणि मधोमध पोकळी. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या एककांची साखळी. कच्च्या कापसात एकेका साखळीत सुमारे १०,००० एककं असतात. या साखळ्या काही ठिकाणी घट्ट, स्फटिकासारख्या रचलेल्या असतात, तर काही ठिकाणी सैल. पाणी शिरतं ते सैल भागात, आणि हल्लाही तिथूनच सुरू होतो.

बुरशीला तोंड नाही. अन्न बाहेरच पचवायचं आणि मग शोषायचं, ही तिची रीत. ती सेल्युलेज नावाची विकरं (एन्झाइम, म्हणजे सेल्युलोज तोडणारी प्रथिनं) तंतूवर सोडते. त्यांतलं एक साखळी मध्येच कुठेतरी तोडतं. दुसरं त्या तुटक्या टोकाला पकडून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे काढत जातं. तिसरं त्या जोडीचं साधं ग्लुकोज करतं आणि ते बुरशी शोषून घेते. तिन्ही एकत्र असली की काम कितीतरी पटींनी वेगाने होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली बुरसलेला तंतू पाहिला की आणखी एक गोष्ट दिसते. बुरशीचे धागे नुसते बाहेरून गुंडाळलेले नसतात. कापलेल्या टोकातून किंवा भिंतीतल्या भेगेतून ते मधल्या पोकळीत शिरतात, तिच्यातून लांबवर पसरतात आणि भिंत आतून बाहेर खात येतात. जिवाणू साधारणपणे उलट, बाहेरून आत जातात. त्यामुळे बुरशीने पोखरलेला तंतू वरून बराच काळ अखंड दिसतो. कापड धुताना पिळलं आणि अचानक सरळ रेषेत फाटलं, असं घडतं ते यामुळेच.

हे ज्ञान आलं कुठून?

मोठ्या प्रमाणात दुसऱ्या महायुद्धातून. पॅसिफिक महासागरातल्या उष्ण, दमट बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू, पट्टे, गणवेश इतक्या झपाट्याने कुजू लागले की लष्कराच्या पुरवठा विभागाने त्यासाठी स्वतंत्र संशोधन सुरू केलं. हजारो बुरश्या गोळा झाल्या. सॉलोमन बेटांवरच्या एका कुजक्या सुती तंबूच्या कापडावरून वेगळी केलेली ट्रायकोडर्मा त्यांपैकीच. 'क्यूएम ६ए' हा तिचा संग्रहातला क्रमांक. हे संशोधन करणाऱ्या लष्करी प्रयोगशाळेतल्या एल्विन रीस यांच्या सन्मानार्थ पुढे १९७७ साली तिला ट्रायकोडर्मा रीसाय हे नाव मिळालं. आज जगभर जी सेल्युलेज विकरं बनवली जातात, त्यांतली बरीचशी याच बुरशीच्या वंशजांकडून येतात. डेनिमला जुनकट रूप देण्यासाठी ती वापरतात, कपडे धुण्याच्या पावडरीतही घालतात. तंबू कुजवणारी बुरशी आज कापड उद्योगाच्या पगारावर आहे, म्हणा ना.

किती दमट हवेत धोका सुरू होतो?

हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे बराच काळ टिकली की सावध व्हावं. ८० च्या वर वाढ झपाट्याने होते. २५ ते ३० अंश सेल्सियस तापमान बहुतेक बुरश्यांना मानवतं. ६५ टक्के आर्द्रतेला कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण ७ ते ८ टक्के पाणी धरून असतो. हे पाणी तंतूत घट्ट बांधलेलं असल्यामुळे बुरशीच्या फारसं कामी येत नाही. हवा संपृक्त होत जाते तसं हे प्रमाण दुपटीच्याही पुढे जातं आणि मोकळं पाणी मिळू लागतं.

खोलीतला आर्द्रतामापक ६० दाखवत असला, तरी थंड भिंतीला चिकटलेल्या गठ्ठ्याच्या मागच्या बाजूला ८५ असू शकते. बुरशीला महत्त्व आहे ते त्या फटीतल्या हवेचं.

कोऱ्या, न धुतलेल्या कापडाला लवकर बुरशी लागते. ती का?

खळीमुळे. विणताना ताण्याच्या सुताला तुटू नये म्हणून खळ देतात, आणि ही खळ अनेकदा स्टार्चची असते. स्टार्च पचवणाऱ्या बुरश्या सेल्युलोज पचवणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. शिवाय खळीत कधी चरबी असते, कधी ओल धरणारी द्रव्यं असतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या गिरण्या वजन वाढवण्यासाठी भरपूर खळ, चिनी माती आणि मॅग्नेशियम क्लोराइड भरायच्या. हे क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. जहाजातून लांबच्या प्रवासाला निघालेली कापडं उघडेपर्यंत बुरसलेली असत. मग त्याच खळीत झिंक क्लोराइड घालून बुरशी रोखण्याची पद्धत पडली.

कच्च्या कापसातही मेण, पेक्टिन, प्रथिनं आणि थोडी साखर असते. प्रथिनं म्हणजे नायट्रोजन. सेल्युलोजमध्ये तो नाही, आणि त्याच्याशिवाय बुरशीला वाढता येत नाही. म्हणून खळ काढून, अल्कलीत उकळून, नीट खळबळून धुतलेलं कापड साध्या बुरश्यांना बऱ्यापैकी नकोसं होतं.

याला दुसरी बाजू आहे. सेल्युलोज खाणाऱ्या बुरशीला या धुण्याने अडचण येत नाही. मेण गेल्यामुळे तिचा मार्ग उलट मोकळा होतो. मर्सराइज केलेल्या कापसात, म्हणजे कडक कॉस्टिक सोड्यात फुगवलेल्या कापसात, सैल भाग वाढतो. असं कापड रंग जास्त घेतं, पाणी जास्त धरतं, आणि त्याच कारणाने विकरांनाही ते जास्त सहज सापडतं. चमक आणि रंगाची खोली मिळते, पण ओलसर जागेत वापरायच्या कापडासाठी नुसतं मर्सराइज करून थांबू नये.

सॉफ्टनरमुळे फरक पडतो का?

पडतो. चरबीपासून बनवलेले सॉफ्टनर, ग्लिसरीन, साखरेसारखे ओल धरणारे पदार्थ बुरशीला आवडतात. फिनिशच्या, म्हणजे कापडाला शेवटी देतात त्या लेपाच्या, द्रावणात युरिया किंवा अमोनियाचे क्षार उरले असतील, तर नायट्रोजनचीही सोय होते. सिलिकॉन सॉफ्टनर या बाबतीत बरे, कारण ते तिला पचत नाहीत. कांजी करून कडक इस्त्री केलेले कपडे कपाटात महिनोन् महिने ठेवू नयेत, त्याचंही कारण हेच. साठवणीचे कपडे बिनखळीचे असावेत.

पाणी न शोषणाऱ्या कापडाला बुरशी लागत नसेल ना?

हा समज फार पसरलेला आहे आणि त्यापायी बरीच महागडी कापडं गेली आहेत. पाणी झटकणारं फिनिश थेंब अडवतं. बाष्प अडवत नाही. दमट हवेत असं कापडही हळूहळू ओल घेतं, आणि एकदा आत गेलेली ओल बाहेर पडायलाही वेळ लागतो. मेणाच्या इमल्शनवर आधारलेल्या जुन्या पद्धतीच्या फिनिशमध्ये तर मेण आणि त्याला पाण्यात मिसळणारं द्रव्य या दोन्हींवर बुरशी वाढू शकते.

फायदा होतो, पण मर्यादित. पावसात भिजून लगेच वाळणाऱ्या कापडाला ओल कमी वेळ राहते, आणि तेवढा वेळ वाचतो. मात्र ओलं असताना घडी करून ठेवलं की सगळं फोल. मातीला टेकणाऱ्या तंबूच्या कडेला नुसत्या पाणीरोधक फिनिशचा भरवसा धरू नका. तिथे बुरशीनाशकही लागतं.

बुरशीरोधक फिनिश नेमकं काय करतं?

इथे दोन वेगळे मार्ग आहेत.

पहिला मार्ग विषाचा. तांब्याची संयुगं यात सर्वांत जुनी आणि उघड्यावरच्या जाड कापडासाठी सर्वांत भरवशाची. विलेस्डेन पद्धतीत कॅनव्हास क्युप्रामोनियमच्या, म्हणजे तांबं आणि अमोनियाच्या, द्रावणातून काढायचे. त्यात कापसाचा वरचा थर किंचित विरघळे आणि वाळताना तांब्यासकट पुन्हा घट्ट बसे. नंतर कॉपर नॅफ्थेनेट आलं. त्याचा हिरवा रंग आणि उग्र वास ताडपत्रीची ओळखच झाला. कॉपर ८-क्विनोलिनोलेट त्याहून कमी प्रमाणात काम करतं आणि पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून जास्त टिकतं. झिंक नॅफ्थेनेटला रंग नाही, पण जोरही कमी.

तांब्याचे दोन दोष माहीत असायला हवेत. ते रबर खराब करतं, म्हणून रबराचं अस्तर असलेल्या कापडाला चालत नाही. आणि ॲस्परजिलस नायजरसारख्या काही बुरश्या ऑक्झॅलिक आम्ल तयार करतात. ते तांब्याला बांधून टाकतं. त्यामुळे तांबं दिलेल्या ताडपत्रीवर काळे ठिपके दिसू शकतात, पण कापड मजबूत असतं. ती लगेच टाकून देऊ नका.

पेंटाक्लोरोफेनॉल आणि त्याचा लॉरेट एस्टर कापडावर अनेक दशकं वापरले गेले. हे विष निसर्गात टिकून राहतं, म्हणून २०१५ साली अशा विषांवर बंधन घालणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला. जुन्या ताडपत्रीचे तुकडे घरात पुन्हा वापरायला घेऊ नयेत असं मी आवर्जून सांगते. सध्या झिंक पायरिथिऑन आणि आयसोथायझोलिनोन गटातली द्रव्यं जास्त दिसतात. आयसोथायझोलिनोनमुळे काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून पडदा किंवा छत्री यांना ते ठीक, अंगाला लागणाऱ्या कपड्याला नको.

दुसरा मार्ग मला अधिक सुंदर वाटतो. त्यात बुरशीला मारायचं नाही, तिच्या विकराला कापूस ओळखूच येऊ द्यायचा नाही. सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोज एककावर तीन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गट असतात. त्यांतला सरासरी एखादा गट जरी ॲसिटाइल या दुसऱ्या रासायनिक गटाने झाकला, तरी विकराची पकड बसत नाही. अशा अर्धवट ॲसिटाइल केलेल्या कापसाचं रूप आणि स्पर्श सुतीच राहतो, पण तो मातीत पुरला तरी दीर्घकाळ टिकतो. ॲक्रिलोनायट्राइलची प्रक्रिया केलेला कापूसही असाच. यात विष नाही, त्यामुळे धुऊन जाण्यासारखंही काही नाही. अडचण खर्चाची आणि प्रक्रियेची आहे, म्हणून बाजारात ही कापडं क्वचितच दिसतात.

सुरकुत्या न पडणाऱ्या कापडाला बुरशी कमी लागते का?

सेल्युलोज खाणाऱ्या बुरशीपासून थोडं संरक्षण मिळतं. या फिनिशमधली रेझिनं शेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतात, तंतू कमी फुगतो आणि विकरांना शिरायला जागा कमी उरते. मेलामाइन-फॉर्माल्डिहाइडची रेझिनं ओल्या, फुगलेल्या अवस्थेत तंतूच्या आत बसवली तर संरक्षण बरंच चांगलं मिळतं. पण या प्रक्रियेत कापडाची काही ताकद सुरुवातीलाच जाते आणि फॉर्माल्डिहाइड सुटण्याचा प्रश्न राहतो. नेहमीच्या शर्टाच्या फिनिशला बुरशीरोधक समजू नये.

लेबलवर 'अँटीमायक्रोबियल' लिहिलंय. तेवढं पुरे ना?

बहुधा नाही. अशी पुष्कळ फिनिशं घामाच्या वासाला कारण ठरणाऱ्या जिवाणूंसाठी असतात. चांदी किंवा क्वाटर्नरी अमोनियम जिवाणूंवर चांगलं चालतं म्हणून त्याच मात्रेत बुरशीवर चालेल असं नाही. विकत घेताना बुरशीची चाचणी कोणती केली आणि किती धुण्यांनंतर केली, एवढं विचारा.

ही चाचणी करतात कशी?

सर्वांत कठोर चाचणी मातीत पुरण्याची. जिवंत, ओलसर, उबदार मातीत कापडाच्या पट्ट्या पुरतात, ठरलेल्या दिवसांनी काढतात, धुतात आणि ताणून तोडतात. सोबत प्रक्रिया न केलेल्या सुती कापडाच्या पट्ट्या असतातच. माती चांगली असेल तर त्या आठवडा-दीड आठवड्यात जवळपास सगळी ताकद गमावतात. त्या तशाच राहिल्या, तर कापड चांगलं नसून माती मेलेली आहे असं समजायचं. एएटीसीसी ३० (अमेरिकेतल्या कापड-रसायन संघटनेचं) आणि आयएसओ ११७२१ (आंतरराष्ट्रीय) या मानकांत ही पद्धत आहे.

जमिनीला न लागणाऱ्या कापडासाठी ताटलीतली चाचणी पुरते. आगारवर, म्हणजे बुरशी वाढवण्यासाठी वापरतात त्या जेलीवर, कापड ठेवून त्यावर कीटोमियम ग्लोबोसम सोडायची. त्या आगारमध्ये क्षार असतात, पण साखर नसते, म्हणजे बुरशीला कापडच खावं लागतं. ॲस्परजिलस नायजरची चाचणी वेगळी करतात, कारण तिचा प्रश्न डागाचा आहे. अहवाल हातात आला की यांतली कोणती बुरशी वापरली ते पहा. पट्ट्या चाचणीआधी पाण्यात भिजवून निथळवल्या होत्या का, तेही पहा. ते केलं नसेल, तर पहिल्या पावसात धुऊन जाणारं फिनिशही उत्तम गुण मिळवतं.

रंगाचा काही संबंध आहे?

आहे, पण त्यावर विसंबून राहण्याइतका नाही. लोखंड आणि क्रोमियमच्या ऑक्साइडचा जुना खनिज खाकी रंग ऊन आणि कूज या दोन्हींपासून काही संरक्षण देई. तांब्याच्या क्षारांनी पक्के केलेले काही डायरेक्ट रंगही थोडी मदत करतात.

पॉलिस्टर मिसळलेलं कापड घेतलं तर?

पॉलिस्टर बुरशीला पचत नाही, पण त्याच्यावरचा मळ आणि फिनिश पचतं. म्हणजे डाग येतातच. मिश्र कापडातला कापूस खाल्ला गेला की विरळ, जाळीसारखा पॉलिस्टर मागे उरतो. व्हिस्कोसचं, म्हणजे सेल्युलोज विरघळवून बनवलेल्या कृत्रिम धाग्याचं, मात्र कापसापेक्षाही वाईट. त्याच्या साखळ्या आखूड आणि रचना सैल, म्हणून तो लवकर कुजतो.

डाग निघाला. आता कापड मजबूत आहे हे कसं ओळखायचं?

नको असलेल्या कडेचं एकेक सूत उसवा, ताण्याचं वेगळं आणि बाण्याचं वेगळं, आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढा. शाबूत सूत आधी ताण घेतं, मग तुटतं. पोखरलेलं सूत ताण न घेताच सुटतं. असं डागाच्या जागी आणि डागापासून दूर, दोन्हीकडे करून तुलना करा.

प्रयोगशाळेत काँगो रेडची चाचणी करतात. तंतू कॉस्टिक सोड्यात फुगवून या रंगात बुडवले की त्वचा फाटलेले तंतू गडद लाल होतात, धड तंतू फिकट राहतात. आणखी एक खूण आहे. आम्लाने किंवा ब्लीचने कमजोर झालेल्या कापडात सगळ्याच साखळ्या आखूड झालेल्या असतात. बुरशी एका जागी पूर्ण खाते आणि शेजारी हातही लावत नाही, म्हणून ताकद पार गेली तरी उरलेल्या सेल्युलोजची सरासरी लांबी फारशी घटलेली नसते. सल्फर ब्लॅक रंगाचं जुनं कापड आपोआप तयार होणाऱ्या आम्लामुळे कुजकं होतं आणि खापर बुरशीवर फुटतं, तेव्हा हा फरक कामी येतो.

डाग काढायचा कसा?

आधी कापड पूर्ण वाळवा आणि मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून हलक्या हाताने झटका. घरात झटकलं तर बीजाणू घरभर होतात, आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांना ते बाधतात. मग कोमट पाण्यात साबणाने धुवा. पांढऱ्या सुती कापडासाठी सोडियम परकार्बोनेट किंवा मोजून घेतलेलं क्लोरीन ब्लीच चालतं. दोन्ही एकत्र करू नका, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर तर अजिबात नको, विषारी वायू सुटतो. काही बुरश्यांची रंगद्रव्यं तंतूत इतकी मुरतात की बुरशी मेली तरी डाग राहतो. अशा वेळी ब्लीचची मात्रा वाढवत नेऊ नका. बुरशीने न केलेलं नुकसान त्याने होतं.

तांब्याचं फिनिश असलेला कॅनव्हास किंवा गंजाचा डाग असलेलं कापड परॉक्साइड किंवा परकार्बोनेटमध्ये घालू नका. धातूच्या संपर्कात परॉक्साइड एकदम फुटतं आणि त्या जागी कापडाला भोक पडतं.

उन्हात ठेवलं की बुरशी मरते ना?

काही बीजाणू मरतात, सगळे नाही. खरा उपयोग वाळण्याचा. ऊन दाखवा, पण दिवसेंदिवस ठेवू नका, कारण उन्हाने कापूसही कमजोर होतो. आत घेतलेलं कापड गार होऊ द्या आणि मगच घडी घाला. गरम कापड बंद पिशवीत घातलं की उरलेली ओल आतल्या बाजूला जमते.

कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या तर चालेल?

त्या किड्यांसाठी आहेत, बुरशीसाठी त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. लोकर खाणाऱ्या कसरीला सुती कापडात तसाही रस नसतो. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून गरम करून पुन्हा कोरड्या करून घ्या. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, कपडे ठासून भरू नका, आणि पावसाळी हवेत दार उघडं ठेवण्यापेक्षा बाहेर कोरडं असेल तेव्हाच उघडा.